हॅरिएटची रांग

'इथून पुढे नव्वद मिनिटं' हा फलक वाचून वेंडेल हॉर्वाथचा जीव भांड्यात पडला. अख्ख्या पार्कात त्या फलकाकडे बघून खूश झालेला तो एकटाच माणूस असावा. बाकीचे लोक फलक वाचत होते, चरफडत होते आणि तरी निमूटपणे रांगेत शिरत होते, कारण लाकडी रोलर कोस्टरमध्ये हॅरिएटसारखी दुसरी नाही, हे एरी सरोवराच्या या काठावर शेंबडं पोरही सांगेल.

"दीड तास!" कोरिन म्हणाली. "डॅड, आधी दुसरीकडे जाऊन येऊ या का?"

"नको, नको. हीच रांग बरी आहे."

कोरिन त्याची मुलगी, सोळा वर्षांची. आठवडाभर ती आईकडे असायची आणि शनिवार-रविवार वेंडेलकडे. घटस्फोटानंतर गेली काही वर्षं हे असंच चाललं होतं आणि ठीक चाललं होतं. पण कोरिनच्या आईला, मार्लाला, ॲरिझोनातल्या एका हॉस्पिटलात मोठी नोकरी लागली होती. जुलैत ती तिकडे निघणार होती. कोरिनने तिच्याबरोबर जायचं की इथे बापाजवळ राहायचं, हे कोरिनवर सोडलेलं होतं. गुरुवारी मार्लाचा फोन आला होता. मार्ला बाई सरळ, आडपडदा नाही. ती म्हणाली, "रविवारी रात्री मी तिकडच्या शाळेला कळवणार आहे. त्याच्या आत तुला तिला काही विचारायचं असेल तर विचार. पण तुझ्या तोंडाने विचार. तुझी वकिली मी करणार नाही."

आज शनिवार होता. वेंडेलला विचारायचं होतं. कारखान्यात वॉशिंग मशीन जोडता जोडता त्याने ते वाक्य मनात चांगलं घासूनपुसून ठेवलं होतं: 'कोरी, तुझा निर्णय तुझाच आहे, दोन्हीकडे तुझं घर आहे, पण तुला इथे राहावंसं वाटलं तर मला आनंदच होईल.' कुणावर दबाव नाही, कुणाचं मन मोडणं नाही. वाक्य इतकं गुळगुळीत झालं होतं की त्यात काही धरायला जागाच उरली नव्हती. खरं सांगायचं तर तो घाबरला होता. ती 'नाही' म्हणाली तर काय करायचं, याची त्याच्याकडे कसलीच तयारी नव्हती.

आणि विचारायचं तर रांगेतच. घरी ती खोलीचं दार लावून घ्यायची, त्याच्या छोट्या ट्रकमध्ये बसली की कानांत गाण्यांचे ते पांढरे बोंडके असायचे, जेवताना फोन. पण हॅरिएटवर खिशातलं सगळं उडून जातं, म्हणून फोन ट्रकमध्येच ठेवावा लागतो. त्यामुळे हॅरिएटच्या रांगेत कोरिन बोलते. शाळेतल्या भानगडी, मैत्रिणींचे रुसवे, मास्तरांच्या नकला, जे काही वेंडेलला आपल्या पोरीबद्दल ठाऊक होतं ते याच कठड्यांना टेकून कळलेलं होतं. त्याला दीड तास मिळाला होता. दीड तासात माणूस एक वाक्य नक्की बोलू शकतो.

रांग वळणं घेत घेत लाकडी सांगाड्याखाली शिरत होती. जूनअखेरीचे, सरोवरातून निघणारे लांब शेपटीचे किडे कठड्यांवर, टोप्यांवर, लोकांच्या पाठींवर बसले होते आणि पायांखाली चुरचुरत होते. इथलं कुणी त्यांच्याकडे लक्ष देत नाही. कोरिनने एक किडा बापाच्या कॉलरवरून टिचकी मारून उडवला.

"कोरी," वेंडेल म्हणाला, "तुला एक विचारायचं होतं."

"विचार."

तेवढ्यात वरून खडखडाट आला. वेंडेलची मान आपोआप वळली. तो आवाज कुठल्या गाडीचा, ते त्याला न बघता कळलं होतं. शेडमधली दुसरी गाडी रुळांवर घेत होते. म्हणजे सकाळपासून हॅरिएट एकाच गाडीवर चालली होती. म्हणजे तो फलक एका गाडीच्या हिशोबाने लिहिलेला होता, आणि आता निम्माही वेळ लागणार नव्हता! आणि हा शहाणा, ज्याने तरुणपणीचे सगळे उन्हाळे याच फलाटावर काम करत घालवले, तो फलक वाचून निर्धास्त झाला होता. रुळांकडे बघायचं सोडून फलकाकडे बघितलं, हे दुसऱ्या कुणी केलं असतं तर वेंडेलने त्याला आठवडाभर चिडवलं असतं.

त्यात भर म्हणजे लाऊडस्पीकरवर एक खणखणीत, किंचित घोगरा आवाज आला. "नमस्कार मंडळी! दुपारची पाळी आता आमची. हॅरिएटला वाट बघायला आवडत नाही आणि मलाही. तेव्हा खिसे मोकळे करा, चष्मे सांभाळा आणि पाय उचला."

"बर्निस!" वेंडेल हळूच म्हणाला.

"हो, बर्निस," कोरिन म्हणाली. "आता संपलं. तू काय विचारत होतास?"

"फ्राइज खाणार का, म्हणून."

"रांगेत आहोत, डॅड."

बर्निस टकर म्हणजे हॅरिएटची मुख्य चालक. आयुष्यभर शाळेच्या स्वयंपाकघरात शेकडो पोरांना वेळेत जेवू घातलं, निवृत्त झाली आणि उन्हाळ्यात इथे आली ती आलीच. गुडघे गेलेले, पण नजर घारीची. वेंडेल फलाटावर होता तेव्हा ती त्याची वरिष्ठ होती, आणि आजही तिचा आवाज ऐकला की तो नकळत ताठ उभा राहायचा.

रांग चालू लागली. सरकली नव्हे, चालू लागली. आधी पाच पावलं जाऊन थांबायचं, टेकायचं, सुस्कारा टाकायचा असं होतं. आता टेकायलाही फुरसत मिळेना. मागून कुणीतरी म्हणालं, "पुढे चला हो, ओहायोवाले! चालायला शिकवलं नाही का तुम्हाला?"

मागे एक धिप्पाड माणूस होता. निळी टोपी, तिच्यावर पिवळा एम. म्हणजे मिशिगनचा, ओहायोचा जुना शेजारी आणि जुना वैरी. बरोबर बायको, आणि हातात लिंबू सरबताचा बादलीएवढा पेला.

"आमच्याकडे चालायला घाई नसते," कोरिन वळून म्हणाली. "तुमच्यासारखं आम्हाला पळून जावंसं वाटत नाही ना आमच्या राज्यातून."

मिशिगनवाला मोठ्याने हसला. वेंडेलही हसला, पण 'पळून जावंसं वाटत नाही' हे शब्द त्याच्या मनात रुतले. हाच धागा धरून बोलावं, असं त्याला वाटलं. तो घसा खाकरून म्हणाला, "कोरी, तू..."

पण आता ते जिन्यापाशी आले होते, जिथून फळ्यांच्या फटीतून फलाट दिसतो. आणि फलाट दिसला की वेंडेल हॉर्वाथ उरत नाही.

काय टोळी होती ती! गाडी फलाटात शिरून थांबते न थांबते तोच मांडीवरचे दांडे एकदम सुटले, डावीकडून जुने उतरले, उजवीकडून नवे चढले. दोन्ही बाजूंनी दोघं-दोघं पोरं वाकून प्रत्येक दांडा हाताने ओढून बघत निघाली. दाखवण्यापुरता नव्हे, खरोखर ओढून. एकही दांडा बघायचा राहिला नाही, एकही पाऊल फुकट गेलं नाही. टोकाला पोचलं की अंगठा वर. डावा अंगठा, उजवा अंगठा, मागचा अंगठा, पुढचा अंगठा. काचेच्या खोलीत बर्निसने चारही अंगठे पाहिले, दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली आणि गाडी सुटली. ती वळणाआड जाते तोच दुसरी घरघरत ब्रेकवर आली आणि तिला क्षणभरही थांबावं न लागता ती सरळ फलाटात शिरली. कुणी धावत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. घाई कुठेच दिसत नव्हती, आणि तरी काम वाऱ्यासारखं होत होतं. चांगल्या स्वयंपाकिणीचे हात चालतात तशी ती पोरं चालत होती.

वेंडेलचे डोळे भरून आले. हे सांगायला लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण भरून आले. कारखान्यात तो सरकत्या पट्ट्यावर काम करायचा, तिथेही वेग होता, पण तो यंत्राचा. हा वेग माणसांचा होता, आणि त्यातली अर्धी माणसं गेल्या महिन्यात एकमेकांना ओळखतही नव्हती.

"बघितलंस?" तो म्हणाला. "गाडी तुंबत नाही. एकदाही नाही. मागची ब्रेकवर येते तेव्हा पुढची सुटलेली असते. आणि ती मुलगी बघ, ओळी लावणारी."

फलाटाच्या तोंडाशी जमैकाहून उन्हाळ्यापुरती आलेली एक उंच मुलगी उभी होती. छातीवरच्या पाटीवर तिचं नाव होतं, शॅनिस. ती प्रत्येकाला 'किती?' विचारायची आणि उत्तर यायच्या आत बोटाने ओळ दाखवायची. तिघं आले तर चौथी जागा रिकामी जाणार, लगेच तिने मान उंचावून हाक दिली, "एकटं कोण? एकटं कोणी आहे?" मागून एक म्हातारा हात वर करून पुढे गेला आणि जागा भरली.

"एक सीट रिकामी सुटली..." वेंडेलने सुरुवात केली.

"...तर ती कायमची गेली, ती पुन्हा भरता येत नाही," कोरिनने वाक्य पुरं केलं, हुबेहूब त्याच्या आवाजात. "मी सात वर्षांची असल्यापासून ऐकतेय, डॅड. मला झोपताना परीच्या गोष्टींऐवजी हेच सांगायचास."

"तुला आवडायचं."

"आवडायचं," ती म्हणाली, आणि मग फळ्यांमधून बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. वेंडेलला ते दिसलं. पण नेमका त्याच वेळी फलाटावर एका बाईचा पट्टा अडकला, शॅनिसने चटकन जाऊन तो सोडवला, आणि वेंडेलने ते बघितलं. मार्ला एकदा भांडणात म्हणाली होती, "तुला माणसं दिसतच नाहीत, वेंडेल, तुला सीटा दिसतात." तेव्हा त्याला ते फार लागलं होतं. आत्ता आठवलं तेव्हा जास्त लागलं.

भिंतीवरच्या छोट्या फलकावर आता 'इथून दहा मिनिटं' असं होतं. रांगेत उभं राहून अर्धा तासही झाला नव्हता. आणि वेंडेलचं वाक्य अजून तोंडातच होतं. त्याने आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. बाजूला झाला, आणि मिशिगनवाल्याला म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा ना."

मिशिगनवाल्याने सरबताचा घोट अर्ध्यावर थांबवला. "काय?"

"पुढे व्हा. आम्हाला घाई नाही."

"ओहायोचा माणूस मिशिगनवाल्याला पुढे सोडतोय," तो बायकोला म्हणाला. "ही गाडी रुळावरून घसरणार आहे. याला ठाऊक आहे काहीतरी."

"डॅड?" कोरिन त्याच्याकडे टक लावून बघत होती. "तू लोकांना पुढे सोडतोयस? तू? बरं वाटतंय ना तुला?"

"ऊन लागलं असेल," वेंडेल म्हणाला.

"सावलीत उभा आहेस."

मिशिगनवाल्याने काही पुढे जायचं धाडस केलं नाही. मागून लोकांनी रेटलं, आणि बापलेक जिना चढून थेट शॅनिससमोर जाऊन उभे राहिले.

"किती?"

वेंडेल मागे वळून जिन्याकडे बघत होता. कोरिननेच सांगितलं, "दोघं." बोट उठलं, तिसरी ओळ. गाडी आली, दांडे सुटले, फाटक उघडलं. कोरिन शिस्तीत पलीकडच्या सीटवर सरकली, पट्टा लावला. वेंडेलने एक पाय गाडीत ठेवला.

दुसरा पाय फलाटावरच राहिला.

"बस ना, डॅड."

दोन मिनिटांत फेरी संपेल, मग फ्राइज, मग ट्रक, मग कानांत बोंडके, मग रविवार. वेंडेलला हे सगळं एका झटक्यात दिसलं. त्याने ते घासूनपुसून ठेवलेलं वाक्य शोधलं, पण ते कुठे सापडेना. तोंडातून आलं ते भलतंच, आणि बरंच मोठ्याने आलं.

"कोरी, तू ॲरिझोनाला जाऊ नकोस."

पुढच्या ओळीतल्या दोन बायका वळल्या. डावा अंगठा वर होता, पुढचा वर होता, मागचा वर होता. तिसऱ्या ओळीपाशी आलेला पोरगा अंगठा अर्ध्यात धरून उभा राहिला.

कोरिनचा चेहरा लाल झाला. "डॅड, बस. मागची गाडी येतेय."

"येऊ दे."

"तुंबेल."

"तुंबू दे."

हे शब्द वेंडेल हॉर्वाथच्या तोंडून कधी निघतील असं कुणाला वाटलं नसतं. कोरिनला तर मुळीच नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली. वळणाआडून खडखडाट जवळ आला, मागची गाडी ब्रेकवर येऊन करकचून थांबली आणि तिच्यातली माणसं माना उंचावून बघू लागली. त्या पाळीतली पहिली तुंबलेली गाडी.

"मी आईला हो म्हणून सांगितलंय," कोरिन म्हणाली. "गेल्या रविवारीच."

वेंडेलचा पाय फलाटावरच होता. "का?"

"का म्हणजे? तू विचारलंच नाहीस!" आता तिचाही आवाज चढला होता. "आई महिनाभर विचारतेय, आजी विचारतेय, शाळेतली सगळी विचारतायत. तू सोडून सगळे. एक सीट रिकामी सुटली तर तुला झोप लागत नाही, आणि माझी खोली रिकामी होणार तर तू अवाक्षर काढत नाहीस. मला वाटलं, तुला चालतंय."

"मला चालत नाही," वेंडेल म्हणाला. "मला अजिबात चालत नाही. मी भित्रा आहे, कोरी. मला वाटायचं, मी विचारलं तर तुझ्यावर ओझं होईल. तेही खोटंच. मला फक्त तुझ्या 'नाही'ची भीती वाटत होती. तू गेलीस तर मी शनिवारी काय करू, मला माहीत नाही."

काचेच्या खोलीत बर्निसने केव्हाच बटणांवरून हात काढून मांडीवर ठेवले होते. एरवी कुणी असा पाय अडकवून उभा राहिला की तिचा आवाज तलवारीसारखा यायचा. आत्ता तिने माइक हळूच तोंडाशी नेला. "मंडळी, हॅरिएट जरा दम घेतेय. म्हातारी झालीय बिचारी. थांबा थोडं." आणि ती थांबली. जिने वाट बघण्याचा उभा जन्म राग केला, ती बाई हातावर हात ठेवून थांबली. टोळीतलं एकही पोर घड्याळाकडे बघेना. शॅनिस फाटकाला पाठ लावून छताकडे बघत होती. दहा माणसांचा एक हात असावा तशी ती टोळी चालत होती, आणि तशीच ती सगळी एकदम थांबली. वेंडेलला त्याही क्षणी कळलं की हे त्या वेगाहून मोठं काम आहे.

मागच्या ओळीतून मिशिगनवाला कळवळून म्हणाला, "अगं पोरी, सांग त्याला काहीतरी! मला रात्रीच्या आत टोलेडो ओलांडून घरी पोचायचंय." बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

कोरिन हसली की रडली, ते तिलाही कळलं नसावं. तिने मनगटाने नाक पुसलं. "बस," ती म्हणाली. "आधी बस."

वेंडेल बसला. दांडा खाली आला, पोराने तो ओढून बघितला, जरा जास्तच जोरात. चौथा अंगठा वर गेला. बर्निसने दोन्ही बटणं दाबली, आणि गाडी हलता हलता लाऊडस्पीकर गरजला, "वेंडेल हॉर्वाथ! गाडी तुंबवणाऱ्याने काय करायचं, विसरला नाहीस ना? उद्या सकाळी सगळ्यांना डोनट. मलईवाले."

"हो मॅम!" वेंडेल ओरडला. फलाटावर टाळ्या पडल्या, आणि टाळ्या वाजवता वाजवताच टोळीने तुंबलेली गाडी आत घ्यायला सुरुवात केली.

साखळीने गाडीला पकडलं आणि ती खडखडत चढाला लागली. डावीकडे सरोवर उघडं होत गेलं. कोरिन समोर बघत होती. वेंडेलने दांडा घट्ट धरला होता. दांड्याची भीती त्याला कधीच नव्हती, भीती शेजारच्या गप्प बसलेल्या पोरीची होती. आता पुन्हा विचारायचं नाही, असं त्याने ठरवलं. एकदा विचारलं, ते पुरे. जे येईल ते येईल.

अर्धा चढ संपला तेव्हा ती समोर बघतच म्हणाली, "आईला फोन तू करायचास. मी नाही करणार. ती भडकणार आहे. तिने तिकडे माझ्यासाठी पडदेसुद्धा घेऊन ठेवलेत."

वेंडेलने हळूच विचारलं, "काय सांगू तिला?"

"सांग, कोरिन इथेच राहतेय." शेंडा जवळ आला होता. तिने त्याचा हात दांड्यावरून सोडवून आपल्या हातात घेतला. "आणि हेही सांग की तू विचारलंस. त्यावर तिचा विश्वास बसणार नाही, पण सांग."

वेंडेल उत्तर द्यायला वळला, पण तेवढ्यात शेंडा आला आणि साखळीने गाडी सोडली.